श्यामकथांचे पुनर्वाचन : बोधाचे स्थान कोणते?

बालपणी प्रिय झालेले पुस्तक प्रौढ वयात पुन्हा हाती घेणे ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने काहीशी अडचणीची मानावी लागते. अशा वाचनात पुस्तकाबरोबरच पूर्वीच्या वाचकाचीही स्मृती जागी होते, आणि समोरच्या संहितेचे गुण कोणते व त्या स्मृतीचे कोणते, हे वेगळे करणे सोपे राहत नाही. शिवाय, या पुस्तकाने आपल्याला काय शिकविले असा प्रश्न विचारताच वाङ्मयाच्या अभ्यासकाला थोडा संकोच वाटू लागतो. कलेच्या क्षेत्रात बोधाची भाषा आणली, तर आपण पुन्हा जुन्या वादात जाऊन पडू अशी भीती त्याच्या मनात असते.

ही भीती निराधार नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला कला आणि जीवन यांचा वाद, त्यानंतर बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांतून केलेली मांडणी, यांमुळे मराठी समीक्षेत बोधवादी वाङ्मयाकडे पाहण्याची एक सावध दृष्टी तयार झाली. ती दृष्टी आवश्यकच होती. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, ज्या पुस्तकांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांची मने घडविली, त्यांचा विचार ‘संस्कारक्षम’ या एका विशेषणात आटोपण्याची सवय लागली. अशी पुस्तके शाळेच्या स्वाधीन करून विद्यापीठाने त्यांच्यापासून अंग काढून घेतले.

साने गुरुजींच्या श्यामविषयक पुस्तकांची मालिका हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. ‘श्यामची आई’, ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ ही पुस्तके मिळून एका मुलाच्या घडणीची सलग कथा होते. त्यांपैकी पहिले पुस्तक घरोघरी पोहोचले, उरलेली मात्र मागे पडली. प्रस्तुत लेखात या मालिकेच्या पुनर्वाचनातून एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : या कथांतील बोध नेमका कोठे आहे? लहानपणी तो जेथे सापडला असे वाटले, तेथेच तो प्रौढ वाचकालाही सापडतो काय?

२

प्रथम पुस्तकाच्या रचनेकडे पाहू. ‘श्यामची आई’चा बराचसा भाग १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला गेला आणि पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकात ४२ रात्री आहेत. आश्रमातील सायंप्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो, अशी ही योजना आहे. बालवाचक या चौकटीकडे सहसा लक्ष देत नाही. गोविंदा, राम, भिका ही श्रोत्यांची नावे तो चटकन ओलांडतो आणि कोकणातील त्या घरात शिरतो. परंतु ही चौकट महत्त्वाची आहे. मुलाने जगलेला अनुभव येथे प्रौढ माणूस सांगत आहे, आणि ज्यांना तो सांगत आहे ते सारे घर सोडून आलेले आहेत. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा श्रोत्याची कल्पना त्यांना का सुचली असावी, याचा तर्क करता येतो. आईपासून दूर राहणाऱ्या मुलांना संध्याकाळची वेळ कशी जाते हे त्यांनी जवळून पाहिले होते.

या रचनेत बोध तीन थरांत वावरतो. पहिला थर आईच्या मुखातील वाक्यांचा. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपला ओचा धोंडीवर पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, अशा अर्थाचे काही सांगते. ‘थोर अश्रू’ या रात्रीतील हा प्रसंग पुस्तक न वाचलेल्यांनाही ठाऊक असतो. दुसरा थर निवेदक श्यामच्या विवेचनाचा. प्रसंग सांगून झाल्यावर, कित्येकदा तो चालू असतानाच, श्याम समाज, धर्म, शिक्षण, स्त्रियांची स्थिती यांविषयी लांबलचक बोलतो. तिसरा थर प्रसंगाच्या घटनेतच असतो आणि त्याविषयी कोणीही काही बोलत नाही.

येथे वाचनाच्या व्यवहारातील एक मौजेची गोष्ट नोंदविली पाहिजे. बोधवादी म्हणून ज्या भागावर टीका होते तो दुसरा थर मुले बहुधा वाचीतच नाहीत. विवेचनाचे परिच्छेद डोळ्यांखालून घालून ती पुढच्या प्रसंगावर उडी मारतात. त्यांच्या मनात राहतो तो पहिला थर : आईचे वाक्य आणि त्या वाक्यामागची कृती. तेव्हा, उपदेशाच्या अतिरेकामुळे हे पुस्तक मुलांच्या मनावर ठसले अशी जी समजूत आहे ती तपासून पाहावयास हवी. मुलांना आवडली ती आई. उपदेश तिच्याबरोबर आला.

तिसरा थर मात्र पुनर्वाचनाची वाट पाहत असतो. पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

३

‘अळणी भाजी’ या रात्रीचे उदाहरण घेऊ. आईने भाजी केली, तीत मीठ घालावयाचे राहिले. वडील तक्रार न करता जेवले आणि त्यांच्याकडे पाहून मुलेही जेवली. शेवटी आई जेवावयास बसली तेव्हा तिला भाजी अळणी असल्याचे कळले व आपण सर्वांना अशी भाजी वाढली याचे तिला वाईट वाटले. लहानपणी या गोष्टीतून मिळणारा धडा स्पष्ट आहे : जिने श्रमाने रांधले तिचे मन दुखवू नये, पानात पडले ते गोड मानून घ्यावे. हा धडा चांगलाच आहे, आणि कित्येक घरांत तो पाळला गेला असेल.

प्रौढ वाचकाची दृष्टी मात्र दुसऱ्या एका तपशिलावर खिळते. भाजी अळणी आहे हे आईला सर्वांत शेवटी का कळले? कारण ती सर्वांत शेवटी जेवते. साऱ्या प्रसंगाची कळ या एका वस्तुस्थितीत आहे, आणि ती कोणालाही सांगण्याजोगी वाटत नाही. निवेदकही तिच्यावर भाष्य करीत नाही. घरातील पुरुषांचा व मुलांचा संयम कौतुकाचा विषय होतो, आणि जिच्यासाठी तो संयम पाळला गेला तिचे शेवटी जेवणे हे सूर्याच्या उगवण्याइतके स्वाभाविक ठरते. प्रसंगाने जे शिकविले ते शब्दांनी शिकविलेल्याहून निराळे आहे, आणि अधिक खोलही.

याच पुस्तकात पुढे ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ या शीर्षकाची एक रात्र येते. दोन्ही ठिकाणी मीठच आहे. पहिल्या ठिकाणी ते घालावयाचे राहिले, दुसऱ्या ठिकाणी ते घरातच नाही. पहिल्या वाचनात या दोन रात्रींचा संबंध सहसा जाणवत नाही, कारण मधल्या रात्रींनी मन भरलेले असते. पुनर्वाचनात तो जाणवतो, आणि त्याबरोबर पुस्तकाची एक मोठी हालचाल ध्यानात येते. विसराळूपणाचे कौतुक करता येण्याइतके जे घर भरलेले होते, ते चिमूटभर मिठाला महाग झाले आहे. लेखकाने ही जुळणी हेतुतः केली की ती आपोआप घडली, हे ठरविण्याचे कारण नाही. संहितेत ती आहे, एवढे पुरे.

‘श्यामचे पोहणे’ या रात्रीविषयीही असेच म्हणता येईल. पोहावयास भिऊन माळ्यावर लपून बसलेल्या श्यामला आई शोधून काढते आणि शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिलाच रडू कोसळते. आपला मुलगा भित्रा राहू नये, ही तिची तळमळ बालवाचकाला पटते, कारण श्याम शेवटी पोहावयास शिकतोच. आज मुलांच्या शिक्षेविषयीचे आपले विचार पुष्कळ बदलले आहेत आणि हा प्रसंग वाचताना आजचा पालक अस्वस्थ झाला, तर त्यात नवल नाही. ही अस्वस्थता दडपण्यात अर्थ नाही. परंतु एवढे ध्यानात घ्यावे की, ही आई कठोर झाली ती लोक काय म्हणतील या धास्तीनेही झाली. मुलाच्या भित्रेपणाचा बोल आईलाच लागतो, हे तिला ठाऊक आहे. तिच्या हातातील शिंपटीमागे गावाची नजर उभी आहे. या आईला निर्दोष मूर्ती मानले की प्रसंग सपाट होतो. ती आपल्या परिस्थितीत सापडलेली बाई आहे असे मानले, तरच त्याला अर्थ येतो.

४

‘श्यामची आई’ हे मातृप्रेमाचे पुस्तक आहे असे नेहमी म्हटले जाते. ते कर्जाचेही पुस्तक आहे असे म्हणावयास हरकत नाही. सुरुवातीच्या रात्री विखुरलेल्या आठवणींसारख्या वाटतात : सावित्रीव्रत, अक्काचे लग्न, मुकी फुले, पत्रावळ. पण हळूहळू त्यांच्यामधून एका घराच्या उतरणीचा क्रम स्पष्ट होऊ लागतो. वडिलांचे घराणे खोताचे, नावलौकिकाचे. मग कुटुंबापासून वेगळे होणे येते, स्वाभिमानासाठी बांधलेली पर्णकुटी येते, सावकाराचा तगादा येतो. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. वसुलीला आलेल्या माणसाच्या अपमानकारक शब्दांना आई दारात उभी राहून उत्तर देते, तो प्रसंग साऱ्या मालिकेतील अत्यंत तेजस्वी प्रसंगांपैकी एक आहे. क्षमा, सहनशीलता, गोड बोलणे शिकविणारी हीच बाई तेथे संतापाने पेटते, आणि निवेदक तिच्या संतापाबद्दल क्षमा मागत नाही.

आईचा आजार आणि मृत्यू या कर्जाच्या कथेपासून वेगळे काढता येत नाहीत. ती झिजत गेली, त्याचे कारण दैवाइतकेच व्यवहारातही होते. ‘आनंदाची दिवाळी’ या रात्रीत ती भाऊबीजेचे पैसे स्वतःवर खर्च न करता नवऱ्याला धोतर घेते. लहानपणी ही पतिप्रेमाची गोष्ट असते. पुढच्या रात्री माहीत असलेल्या वाचकाला मात्र येथे एका हिशेबाची पहिली नोंद दिसते. प्रत्येक आनंद तिच्या खात्यावर खर्ची पडतो. बोधाला किंमत असते आणि ती बहुधा बोध करणाऱ्यालाच मोजावी लागते, असे हे पुस्तक न बोलता सांगते.

या ठिकाणी ऐतिहासिक दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खोत हा कोकणातील महसूल-व्यवस्थेत सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुली करणारा दुवा होता. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती संपविणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४९ मध्ये झाला. म्हणजे ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, श्यामचे घराणे ज्या व्यवस्थेवर उभे होते ती व्यवस्थाच अन्यायाची असल्याचे विधिमंडळात मांडले गेले. सावकाराच्या दारात अब्रू गमावणारे श्यामचे वडील आपल्याला जवळचे वाटतात. त्यांच्या पूर्वजांच्या दारात उभ्या राहिलेल्या कुळांच्या घरीही आया होत्या, मुले होती, आणि त्यांच्या रात्री कोणी लिहून ठेवल्या नाहीत. पुस्तकावर हा आरोप नाही. कोणतेही आत्मकथन आपल्या अंगणाबाहेर फार दूर जाऊ शकत नाही. परंतु पुनर्वाचन करणाऱ्याने अंगणाच्या कुंपणाची जाणीव ठेवावयास हवी.

५

ती जाणीव ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीत अटळपणे होते. एक महार म्हातारी लाकडांची मोळी घेऊन चाललेली असते. मोळी खाली पडते आणि तिला ती एकटीला उचलवत नाही. आई श्यामला तिला मदत करावयास पाठविते : मोळी तिच्या डोक्यावर दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणी ब्राह्मण घरात हे धाडसाचे होते आणि गावात त्याची चर्चा होणे स्वाभाविक होते. शाळेत हा प्रसंग माणुसकीचा धडा म्हणून वाचला जातो आणि शिक्षक बहुधा मोळीपाशी थांबतात. त्यानंतरच्या आंघोळीविषयी वर्गात फारसे बोलले जात नाही.

दलित साहित्याच्या चळवळीनंतर मराठी वाचकाला ही आंघोळ वगळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. मदतीचा हात आणि शुद्धीचे पाणी यांमध्ये या आईला विरोध दिसत नाही. तिची करुणा खरी आहे, आणि ती रूढीच्या चौकटीतच वावरते. ती म्हातारी घरी जाऊन काय म्हणाली असेल, हे आपल्याला कळत नाही. येथे वाचकापुढे दोन सोपे मार्ग असतात. आंघोळीकडे दुर्लक्ष करून आईला पुजावे, किंवा आंघोळीकडे बोट दाखवून पुस्तकच बाजूला सारावे. दोन्ही मार्गांनी वाचनाचे श्रम वाचतात.

तिसरा मार्ग आपल्याला लेखकाच्या चरित्राकडे नेतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्यापूर्वी या प्रश्नासाठी त्यांनी महाराष्ट्राचा दौरा केला होता. उपोषणाच्या अखेरीस मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. मोळी उचलून आंघोळ करणारा मुलगा आणि मंदिराच्या दारासाठी प्राण पणाला लावणारा माणूस एकच आहेत. त्या दोहोंमधील अंतर आईच्या वाक्यात सामावलेले नव्हते. ते पुत्राला स्वतःच चालावे लागले. आईने दिलेला बोध अपुरा होता म्हणून त्याने तो फेकून दिला नाही, आणि आईचा होता म्हणून जसाच्या तसा जपूनही ठेवला नाही. त्याने तो पुढे नेला. या दृष्टीने पाहता, ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र आदर्श म्हणून वाचण्यापेक्षा आरंभ म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरेल.

मंदिरप्रवेशाने अस्पृश्यतेचा प्रश्न सुटत नाही, ही टीका त्या काळीही होती आणि ती योग्यच होती. येथे मुद्दा एवढाच की, पुस्तकातील बोधाचे खरे भाष्यकार कधी कधी त्याच पुस्तकाचे लेखक असतात, आणि ते भाष्य त्यांनी कागदावर केलेले नसते.

६

मालिकेतील नंतरची पुस्तके मागे का पडली, याचे एक कारण उघड आहे. त्यांच्यात आई सतत समोर नाही. घर सुटते, दापोलीची शाळा, रामसारख्या मित्राचा स्नेह, मग औंधसारख्या परक्या गावी हाताने स्वयंपाक करून आणि प्रसंगी उपाशी राहून केलेले शिक्षण, असा हा प्रवास आहे. रचनेच्या दृष्टीने ही पुस्तके सैल आहेत. रात्रींच्या चौकटीने पहिल्या पुस्तकाला जो आटोपशीरपणा दिला तो येथे आढळत नाही, आणि काही ठिकाणी विवेचन अनुभवाला झाकून टाकते. हे दोष मान्य केले पाहिजेत.

तरीही बोधाच्या प्रश्नासाठी हीच पुस्तके निर्णायक आहेत. पहिल्या पुस्तकात आई शिकविते, श्याम चुकतो, रडतो आणि शिकतो. त्या शिकण्याची कसोटी घराबाहेर लागते. पत्रावळ लावावयास शिकणे ही घरात कौतुकाची बाब असते. परक्या गावी स्वतःच्या हाताने चूल पेटविताना तीच गोष्ट जगण्याचे साधन होते. पुस्तकाच्या मोहाने पाहुण्याचे पैसे चोरणारा मुलगा (‘मोठा होण्यासाठी चोरी’) घरात आईच्या डोळ्यांतील पाणी पाहून सुधारतो. पण जेथे पाहणारे कोणी नाही, भूक आहे आणि मागण्याची लाज आहे, तेथे मनाचा कस निराळाच लागतो. बोध दिला गेला की संपला, असे नसते. तो देणारी व्यक्ती जवळ नसताना त्याचे काय होते, हा खरा प्रश्न, आणि तो पहिले पुस्तक एकटे सोडवू शकत नाही. म्हणून ‘श्यामची आई’ वाचून थांबणाऱ्या वाचकाच्या हाती अर्धीच कथा येते, असे आमचे मत आहे.

या उत्तरार्धाची सूचना पहिल्या पुस्तकाच्या शेवटी आहे. आई गेली तेव्हा श्याम तिच्याजवळ नव्हता. तो पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. सारे पुस्तक या उशिरातून जन्मले आहे. चुकलेली भेट पुन्हा पुन्हा घेण्याचा हा प्रयत्न आहे, आणि ४२ रात्री हे त्या प्रयत्नाचे नाव आहे. लहानपणी शेवटच्या रात्री वाचताना आई गेल्याचे दुःख होते. प्रौढपणी श्याम वेळेवर पोहोचला नाही याचे दुःख अधिक लागते, कारण असे उशीर तोपर्यंत प्रत्येकाच्या पदरी जमा झालेले असतात.

७

या विवेचनावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, ही आई आपल्याला केवळ मुलाच्या नजरेतून दिसते, आणि त्या नजरेने तिच्या झिजण्याला सौंदर्य प्राप्त करून दिले. परिणामी मराठी घरांत स्त्रीच्या त्यागाची अपेक्षा अधिकच दृढ झाली. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) किंवा ‘श्यामची आई’च्याच सुमारास प्रसिद्ध होऊ लागलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे ग्रंथ शेजारी ठेवले म्हणजे फरक ध्यानात येतो. लक्ष्मीबाई आपल्या हालांकडे पाहून हसू शकतात, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचा हिशेब मांडू शकतात. श्यामच्या आईला स्वतःविषयी हसण्याची संधी मिळत नाही, कारण लेखणी तिच्या हातात नाही. त्यावर उपाय ‘श्यामची आई’ वाचू नये हा नव्हे. ती ‘स्मृतिचित्रां’बरोबर वाचावी, हा आहे. पदव्युत्तर वर्गात या दोन ग्रंथांचे एकत्र अध्यापन झाले, तर मुलाने पाहिलेली स्त्री आणि स्त्रीने पाहिलेले स्वतःचे जीवन यांतील अंतर विद्यार्थ्यांना कोणत्याही सिद्धान्ताहून अधिक स्पष्टपणे कळेल.

दुसरा आक्षेप अश्रूंविषयीचा आहे. या पुस्तकांत सारेच फार रडतात, अशी तक्रार जुनी आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि या कथेचे अश्रू साऱ्या देशाला परिचित झाले. त्यानंतर या कथेची भावविवशता ही जणू तिची ओळखच होऊन बसली. भावविवशता आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्रत्येक अश्रू सारखा नसतो. विवेचनाच्या ओघात येणारे अश्रू वाचकाला थकवितात. श्यामच्या पाठीवरचे वळ पाहून आईला आलेले रडू मात्र तिने स्वतः केलेल्या कृतीची जबाबदारी घेणारे आहे. समीक्षेने या दोहोंत भेद केला पाहिजे. सरसकट हसणे आणि सरसकट गहिवरणे या दोन्ही वृत्ती सारख्याच निष्काळजी आहेत.

या आक्षेपाला एक अधिक अवघड बाजू आहे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. ज्याने हजारो मुलांना जगण्याचे धडे दिले त्याला स्वतःला जगणे असह्य व्हावे, ही गोष्ट प्रौढ वाचकाच्या मनातून जात नाही, आणि तिचे सोपे स्पष्टीकरण देण्याचा मोह टाळणेच योग्य. या मृत्यूने त्यांचे धडे खोटे ठरतात, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण हे धडे दुःखावरचे रामबाण औषध नाहीत, एवढे त्यावरून समजावे. दुसऱ्याच्या दुःखाने विद्ध होण्याची जी शक्ती या आईने मुलाला दिली, तिला आवर घालण्याची विद्या तिच्यापाशी नव्हती. हे ओळखून वाचणारा वाचक या पुस्तकाकडून कमी मागतो, आणि म्हणूनच त्याला अधिक मिळते.

८

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. श्यामकथांतील बोध कोठे आहे? सुभाषितासारख्या वाक्यांत तो आहे, पण तेथे तो सर्वांत दुर्बळ आहे. ती वाक्ये पुस्तकातून उचलून भिंतीवर टांगता येतात, आणि भिंतीवर टांगलेल्या वाक्यांनी कोणी सुधारल्याचे दिसत नाही. निवेदकाच्या विवेचनात तो आहे, पण तेथे तो त्या काळाचा आहे आणि काळाबरोबर शिळा होतो. प्रसंगांच्या मूक भागात तो आहे : शेवटी जेवणाऱ्या आईत, भाऊबीजेच्या पैशांत, मोळीनंतरच्या आंघोळीत, वेळेवर न पोहोचलेल्या मुलात. हा बोध लेखकाने दिलेला नाही. त्याने प्रसंग प्रामाणिकपणे सांगितला म्हणून तो तेथे राहिला. आपल्या आईची थोरवी सांगू पाहणाऱ्या लेखकाने तिच्या काळाच्या मर्यादाही पुसल्या नाहीत, आंघोळीचा तपशील गाळला नाही, शिंपटी लपविली नाही. हा प्रामाणिकपणा वाङ्मयीन गुणच मानला पाहिजे. आणि जर तो वाङ्मयीन गुण असेल, तर बोधाचा विचार समीक्षेच्या कक्षेबाहेर ढकलण्याचे कारण उरत नाही.

यावरून पुनर्वाचनाविषयी एक सामान्य निष्कर्ष काढता येईल. बालपणीच्या प्रिय पुस्तकाचा बोध दोनदा मिळतो. पहिल्यांदा तो विश्वासाने घेतला जातो, दुसऱ्यांदा हिशेबाने. पहिल्या वेळी आपण श्यामच्या जागी असतो. दुसऱ्या वेळी कित्येकदा आईच्या जागी, वडिलांच्या जागी, क्वचित वसुलीला आलेल्या माणसाच्याही जागी असतो, आणि कोणती जागा आपल्या वाट्याला आली आहे हे ओळखणे हाच त्या वेळचा धडा असतो. पहिले वाचन झालेच नसेल, तर दुसऱ्याला हिशेब करावयास काही उरत नाही. म्हणून ही पुस्तके मुलांच्या हाती अवश्य द्यावीत. ती पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा उघडावयास लावणे, हे काम मात्र शाळेचे नव्हे. ते विद्यापीठातील मराठी विभागांनी अंगावर घेतले पाहिजे.